काझी बूशईब आणि निळा डबा

माझ्या भावाच्या जिभेला हाड नाही, हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. तिला ब्रेकही नाही, हे माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी कळलं.

भावाचं नाव बूशईब. माझ्याहून धाकटा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. कासाब्लांकात लाल टॅक्सी चालवतो. तीन उतारू तीन दिशांचे घेतो आणि तिघांनाही एकच गोष्ट ऐकवतो: बाजारात कुठला नवा स्वस्त लॅपटॉप आलाय आणि त्यात काय काय खोट आहे. उतारू दवाखान्यात निघालेला असो की मयताला, बूशईब आरशातून बघून विचारणारच, "घरी कॉम्प्युटर कुठला?" समोरच्याने नाव सांगितलं की असा सुस्कारा टाकतो, की मयत त्या माणसाच्याच घरी झाल्यासारखी वाटावी.

महागड्या मशीनचं त्याला काडीचं कौतुक नाही. म्हणतो, "खजिना ओतला तर गाढवही चांगली वस्तू बनवेल. गरिबाच्या लॅपटॉपात कंपनीने कुठे कुठे हात मारलाय ते हुडकण्यात खरी मजा आहे, ताई." ही मजा तो दर्ब गल्लेफच्या बाजारात जाऊन करतो. तिथे पत्र्याखाली दुकानांची जी खेटाखेटी आहे, तिच्यात नवा माल आला की पोरं त्यालाच आधी फोन करतात. मग हा टॅक्सी आडवी लावून आत शिरतो. लॅपटॉप एका कोपऱ्याला चिमटीत धरून उचलतो, वाकतो का बघतो. पाठीवर टिचकी मारतो, कलिंगड घेताना मारतात तशी. पंख्याच्या फटीला नाक लावून वास घेतो. मग चालू करून एकामागून एक खिडक्या उघडत जातो, बिचारं मशीन धापा टाकेपर्यंत. आणि मग उभ्या बाजारात निकाल देतो.

"याला मेमरी दिलीय की खैरात?"

"हा पडदा समोरून बघितला तर ठीक. बाजूने बघितला तर बायकोच्या माहेरच्यांसारखा, ओळखच देत नाही."

"आणि ही फुकटची सॉफ्टवेअरं बघा. महिनाभर गोड बोलतात, मग रोज दारात उभी राहून वर्गणी मागतात."

म्हणून बाजारात त्याचं नाव पडलं काझी. खरं नाव तिथल्या निम्म्या लोकांना माहीतच नाही. काझी म्हणाला चांगला, तर माल हातोहात जाईल, असं दुकानदार म्हणायचे. पण काझी कशालाच चांगलं म्हणाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

अन्याय नको करायला, एक गुण त्याच्यात आहे. टॅक्सीच्या किल्लीच्या जुडग्यात तो एक पेन ड्राइव्ह अडकवून फिरतो. कुठल्यातरी सज्जनांनी जगाला फुकट वाटण्यासाठी लिहिलेली एक हलकीफुलकी प्रणाली त्यात आहे. कंपनीचं लठ्ठ सामान पुसून ही घातली, की मेलेलं मशीन उठून पळायला लागतं. आमच्या मशिदीत इमामत करणाऱ्या फकीहचा कॉम्प्युटर अजानीला चालू केला की नमाज आटोपल्यावर उघडायचा. बूशईबने तो तासाभरात घोड्यासारखा केला. माझ्या मुलीचा, वियामचा, शाळेतला खटारा त्याच पेन ड्राइव्हने आणखी कितीतरी वर्षं ओढला. कुणाच्याही घरी चहाला गेला आणि कोपऱ्यात रडतराव कॉम्प्युटर दिसला, की बूशईबचा हात आपोआप खिशातल्या जुडग्याकडे जातो. चहा गार झाला तरी चालेल, पण मशीन हळू चाललेलं त्याला बघवत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

त्याची बायको याच जिभेपायी गेली. सासऱ्याने हौसेने नवा कॉम्प्युटर दाखवला, तर याने सासऱ्याच्याच दिवाणखान्यात बसून त्याची चिरफाड केली. तलाकला आणखीही कारणं होती, पण शुभारंभ तिथून झाला. तेव्हापासून तो माझ्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो, न्याहारीला टपरीवर वाटाण्याचं सूप पितो आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. आणि गंमत म्हणजे या माणसाकडे स्वतःचा कॉम्प्युटर नाही. सगळ्यांत काही ना काही खोट आहे म्हणे. बायकांबद्दलही त्याचं हेच मत होतं, पण ते माझ्यासमोर बोलायची त्याची छाती नाही.

त्या वर्षी रमजानच्या आधीच्या महिन्यांत बाजारात एक निळा लॅपटॉप आला. दिसायला देखणा, वजनाला हलका, गरिबाला झेपेल असा. बूशईबने त्याला उचललं, ठोकलं, हुंगलं आणि निकाल दिला: "हा सार्डिन मासळीचा डबा आहे. सार्डिनची माफी मागून सांगतो." हा निकाल त्याने कॅफेत सांगितला, टॅक्सीत सांगितला, सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याला काच खाली करायला लावून सांगितला. मला तर इतक्या वेळा ऐकवला, की मी भाजी फोडणीला टाकतानाही माझ्या कानात त्याची मेमरी वाजायची.

इकडे माझ्या वियामचं लग्न ठरत होतं. मुलगा अनवार, बंदरात बर्फाच्या कोठारांची यंत्रं सांभाळतो. शांत, कामसू, आणि वियामवर जीव टाकणारा. त्याला दूर दक्षिणेला दाख्लाला चांगली नोकरी लागली होती आणि रमजानच्या आधी हजर व्हायचं होतं. म्हणजे साखरपुड्याला फातिहाची दुआ वाचायची, लगोलग निकाह लावायचा, आणि दोघांनी सोबत जायचं. नाही जमलं तर तो एकटा जाणार. आणि दाख्लाला एकटा गेलेला मुलगा तिथेच कुणाचातरी जावई होतो, हे मी काय आज बघतेय? वियाम तोंडाने काही बोलत नव्हती, पण तिने आपली बॅग आतापासून भरून पलंगाखाली ठेवली होती. मी ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

अनवारची आई कन्झा; मानाने सगळे लल्ला कन्झा म्हणतात. विधवा. बायकांच्या हमामखान्यात गल्ल्यावर बसते. अख्ख्या मोहल्ल्याच्या बायकांना तिने अंगावर चिंधी नसताना पाहिलेलं आहे, त्यामुळे तिच्यापुढे कुणी फार तोरा मिरवत नाही. बोलायला गोड, पण नजर अशी की पाठ घासून घेतल्यासारखं वाटावं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच मी बूशईबला गाठलं. माझे यजमान मीलूद मासेमारीच्या जहाजावर आचारी, ते समुद्रात. म्हणजे घरातला वडीलधारा पुरुष म्हणून हाच.

"बूशईब, आज तोंड फक्त खायला उघडायचं."

"ताई, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं झालं असतं. खोलीत कोंडून ठेवला असता."

पाहुणे आले, बायकांनी जिभा हलवून हलवून आनंदाच्या आरोळ्यांनी घर दणाणून सोडलं. ताटांमागून ताटं आत आली: मेंदी, खजूर, कापड, निळ्या कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या उंच ढेपी. आणि शेवटच्या ताटात, चकचकीत कागदाखाली, फित बांधलेला तो निळा लॅपटॉप.

मी लगेच बूशईबकडे बघितलं. त्याने बघितलं होतं. त्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली. पण माझ्या भावाची त्या क्षणी मला दया आली, खरंच. त्याने बदामाची चंद्रकोरी बिस्किटं एकामागून एक तोंडात कोंबली, गाल फुगवले, आणि मूग गिळून बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

लल्ला कन्झा कौतुकाने म्हणाली, "सूनबाई दवाखान्यांची पत्रं टाइप करते ना, दाख्लात तिचं काम अडायला नको. म्हणून मीच बाजारात जाऊन आणला. मला यातलं कळत नाही हो, पण मी काही कच्ची नाही. दुकानदाराला म्हटलं, जाणत्याचं मत सांग. तो जिलाली म्हणाला, लल्ला, इथे एक काझी आहे, त्याने जन्मात कुठल्या मशीनला चांगलं म्हटलं नाही. पण हा बघितला आणि म्हणाला, मी माझ्या सख्ख्या भाचीला हाच देईन."

बूशईबच्या तोंडातून बिस्किटांचा भुगा उडाला.

"जिलाली असं म्हणाला?"

"हो हो. शप्पथ घेऊन."

"त्या जिलालीला उद्या बाजारात उलटा टांगतो." तो उभा राहिला. "तो काझी मी आहे."

"अगंबाई!" लल्ला कन्झाचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हीच? आणि भाची म्हणजे आपली वियामच की! बघा, योग कसा असतो!"

इथे तो बसला असता तर जगाचं काहीही बिघडलं नसतं. मी डोळे वटारले, त्याची बाही ओढली, पायावर पाय दिला. पण त्याच्या नावावर कुणीतरी खोटा निकाल खपवला होता. बायको गेली तेव्हा तो इतका पेटला नव्हता.

"मी याला सार्डिनचा डबा म्हणालो होतो! याची मेमरी बोर्डाला चिकटवलीय, वाढवायची म्हटलं तर कपाळ वाढवा. जागा एवढीशी, त्यातली निम्मी कंपनीच्या सामानाने अडवलेली. भाड्याने घर घ्यावं आणि एका खोलीत मालकानेच पलंग टाकून घोरावं, तसं! अरबी अक्षरं नुसती चिकटवलेली, सहा महिन्यांत बोटाला लागून जातील. बाई, फसवलंय तुम्हाला. ही वस्तू मी भाचीला काय, भाचीच्या शत्रूला देणार नाही."

घरात इतकी शांतता झाली, की फकीह खजूर चावताना ऐकू येत होता.

लल्ला कन्झाने विचारलं, "तुम्ही वापरलाय का हा?"

"वापरायला कशाला हवा? शिंकेवरून सर्दी कळते."

"बरं."

एवढंच. तिने लॅपटॉपवरचा भुगा ओढणीने पुसला, तो काखेत मारला, आणि चालू लागली. अनवारने वियामकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि आईमागे गेला. फातिहा राहिली. फकीहने दुसऱ्या ताटातले खजूर संपवले आणि तोही गेला. वियाम मामाला नुसतं "मामा" म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावलं. मला बूशईबचा गळा दाबावासा वाटत होता, आणि त्या बंद दाराकडे बघून रडूही येत होतं. दोन्ही एकाच वेळी जमेना, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. बाईने लॅपटॉप नेला, साखर नेली नाही. सगळ्या ढेपी ताटात तशाच होत्या. म्हणजे दार लोटलं होतं, कडी घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून साखरेची सगळ्यात मोठी ढेप आणली आणि बूशईबच्या मांडीत ठेवली. "जा. माफी माग."

आमच्यात साखरेची ढेप घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. पण आत घेतलं म्हणजे माफ केलं असंही नाही. घरची बाई ढेप फोडून तिचा खडा चहाच्या किटलीत टाकते, तेव्हा माफी. तोवर ती ढेप आणि तिला आणणारा, दोघंही टांगलेले.

बूशईब गेला आणि तोंड वेंगाडून परत आला. "ढेप घेतली. कपाटावर ठेवली. फोडली नाही."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही न वापरता नावं ठेवलीत. आता वापरा. रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, इथे यायचं, माझ्या डोळ्यांदेखत वापरायचा. यात एक तरी खरी चांगली गोष्ट सापडली, की त्याच पाहुण्यांसमोर ती सांगायची. त्या दिवशी साखर फोडीन आणि फातिहा होईल."

"मग सांगून टाक की काहीतरी! रंग छान आहे म्हण!"

"खोटं चालणार नाही म्हणाली. हमामखान्यात बसते, म्हणाली, झाकलेलं मला दिसतं." तो जरा थांबला. "आणि रंग काही इतका छान नाही, ताई."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

झालं, रोजचं सुरू झालं. असर झाली की लाल टॅक्सी लल्ला कन्झाच्या दारात. कोपऱ्यात तिची बहिरी आत्या जपमाळ ओढत बसलेली असायची, त्यामुळे मोहल्ल्याला बोलायला जागा नव्हती. अर्थात जागा नसताना बोलणं ही आमच्या मोहल्ल्याची कला आहे. पहिल्या दिवसाची हकिकत त्याने मला येऊन सांगितली, ती अशी. याने बटन दाबलं. मशीनने कंपनीचं चिन्ह दाखवलं, मग एक गोल फिरत राहिला. फिरतोय, फिरतोय. लल्ला कन्झाने विचारलं, "हे असं का?"

"सांगतो. यजमानीण एक, हात दोन. पाहुणे दोन आले तर चहा लगेच. वीस आले की सगळेच ताटकळतात. इथे एकेक खिडकी उघडली की एकेक पाहुणा वाढला. याच्या मेमरीला चार पाहुणे झेपत नाहीत."

"अस्सं," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

चहा आला तेव्हा कुठे मशीन उघडलं. तिने शेजारी बसून विचारलं, "आता?"

"आता काय? उघडलं."

"हो, पण उघडून तुम्ही काय करता?"

आणि माझ्या भावाला, दर्ब गल्लेफच्या काझीला, याचं उत्तर सुचेना. जन्मभर त्याने कॉम्प्युटर उघडले आणि मिटले. आत बसून करायचं काय, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. मला हे सांगताना तो हसला नाही, त्याने नुसती मान खाली घातली.

मग म्हणे तिनेच सुचवलं. ब्रसेल्सला तिची बहीण असते, तिथलं हवामान बघितलं. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीशी तोंड दाखवून बोलणं झालं. मग दामा नावाचा पटाचा खेळ सापडला. टपरीवर बाटलीच्या बुचांनी खेळतात तोच. मशीनविरुद्ध लल्ला कन्झा खेळायची आणि हा शेजारून चुकीचे सल्ले द्यायचा. मशीन प्रत्येक चालीला इतका विचार करायचं, की मध्ये मसेमनच्या पोळ्या भाजून व्हायच्या. मधासकट.

"निकाल?" मी रोज संध्याकाळी विचारायचे.

"चाचणी चालू आहे," तो म्हणायचा.

पहिल्या आठवड्यात तो कुरकुरत जायचा. दुसऱ्या आठवड्यात दाढी करून जायला लागला. मग एक दिवस जिन्यात नारिंगीच्या फुलांच्या अत्तराचा भपकारा आला. मी म्हटलं, कोण पाहुणी आली? तर हा. आणि निकालाचं विचारलं की तेच, "घाईत दिलेला निकाल कच्चा असतो, ताई." घाई! ज्या माणसाने आजवर कुठल्याही मशीनला हुंगून तिथल्या तिथे फासावर दिलं, तो मला घाईचं सांगत होता.

इकडे अनवारचं जायचं तिकीट निघालं. एकट्याचं. वियामने पलंगाखालची बॅग बाहेर काढली आणि कपडे परत कपाटात लावायला घेतले. मी दारात उभी होते. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, मामाला विचार, त्याचा चहा कधी संपणार आहे. त्या चहापायी माझं लग्न अडलंय."

मी ओढणी घेतली आणि तशीच लल्ला कन्झाचा जिना चढले.

दार उघडंच होतं. बूशईब गादीवर पाय पसरून, लॅपटॉप तिपाईवर, गोल फिरतोय, हातात चहाचा पेला. समोर लल्ला कन्झा पुदिना निवडतेय. दोघंही त्या फिरणाऱ्या गोलाकडे असं बघत होती, जसं समुद्राकडे बघतात.

"या या विहीणबाई," लल्ला कन्झा उठली. "बसा. अहो, फारच हळू आहे हो हे यंत्र. तुमचे भाऊ म्हणत होते ते अगदी खरं."

"हो ना," बूशईब म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता त्यात. तृप्तीचा होता.

तेव्हा माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. बोटात टॅक्सीच्या किल्ल्यांचं जुडगं होतं आणि त्यात तो पेन ड्राइव्ह. मी बघतेय हे बघून त्याने जुडगं हळूच खिशात टाकलं, आणि माझा पन्नाशीचा भाऊ कानापर्यंत लाल झाला.

मी त्याला दंडाला धरून जिन्यात आणलं.

"पेन ड्राइव्ह का नाही लावलास?"

"कंपनीची हमी जाते, ताई."

"फकीहच्या कॉम्प्युटरची हमी गेली तेव्हा तुला काय झालं नाही! तासाभराचं काम! ते मशीन कधीच पळायला लागलं असतं, तू चांगलं म्हणाला असतास, माझी पोर आत्तापर्यंत सासरी असती! काखेत कळसा घेऊन तू गावभर चाचण्या करतोयस?"

तो कठड्याचा रंग नखाने खरवडायला लागला. 

"बोल ना."

"पळायला लागलं असतं," तो खाली बघत म्हणाला, "तर रोज यायला काय सांगितलं असतं?"

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. हा तर भाचीच्या लग्नाचं ताक घेऊन स्वतःचं भांडं लपवत होता.

"हे बघ," मी म्हटलं, "तुला काय करायचं ते कर. पण तिकडे माझी मुलगी बॅग रिकामी करतेय. तू खरं बोलतोस म्हणून मी तुझं सगळं सहन केलं आजवर. बायको गेली तरी तुझीच बाजू घेतली. आता खरं बोलायची वेळ आलीय, तर तू लपतोस?"

हे त्याला लागलं. मला दिसलं. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जुम्म्याला बोलाव सगळ्यांना."

जुम्म्याच्या नमाजानंतर लल्ला कन्झाच्या घरी तेच पाहुणे जमले. फकीहही आला, त्याच्यासमोर मी मुद्दाम खजूर कमी ठेवले. वियाम माझ्याशेजारी, अनवार भिंतीशी. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, इतकं त्यांना बघावंसं वाटत होतं. मध्ये तिपाईवर निळा लॅपटॉप, आणि त्याच्या शेजारी निळ्या कागदातली न फोडलेली ढेप.

"बोला, काझीसाहेब," लल्ला कन्झा म्हणाली.

बूशईब उभा राहिला. "मशीन वाईट आहे."

वियामने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"माझा निकाल बदलत नाही. मेमरी चिकटवलेली, जागा अडलेली, अक्षरं जाणार. आणि हळू तर इतकं, की बटन दाबून माणूस हजला जाऊन यावा." कुणीतरी हसलं. तो हसला नाही. "पण एक चांगली गोष्ट सापडली. खरी. तीही हीच, की ते हळू आहे."

त्याने खिशातून जुडगं काढलं, त्यातून पेन ड्राइव्ह सोडवला आणि ढेपेशेजारी ठेवला. "पहिल्याच दिवशी हा लावला असता तर तासात मशीन पळालं असतं. आणि मीही घरी गेलो असतो. मला घरी जायचं नव्हतं. गच्चीवरच्या खोलीत माझी वाट कुणी बघत नाही. इथे तो गोल फिरायचा, आणि तोवर चहा यायचा, आणि कुणीतरी विचारायचं, दिवस कसा गेला. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण मीच कुणाला बोलू दिलं नव्हतं." मग वियामकडे वळून म्हणाला, "माझ्या त्या चहाची किंमत तू मोजलीस, बेटा. मामाला माफ कर. हा पेन ड्राइव्ह तुझा. दाख्लाला घेऊन जा."

वियाम रडायला लागली, आणि मीही. माझ्या भावाबद्दल मला इतकी माया त्याच्या जन्मानंतर बहुतेक त्याच दिवशी वाटली असेल.

 लल्ला कन्झाने पितळी हातोडी उचलली, ढेपेचा कागद सोलला, आणि एका घावात शेंडा उडवला. खडा किटलीत टाकला. बायकांनी घर डोक्यावर घेतलं. अनवार भिंतीपासून सुटला. फकीहने फातिहासाठी हात वर केले.

"थांबा जरा," लल्ला कन्झा म्हणाली. "काझीसाहेब खरं बोलले, तर मलाही बोललं पाहिजे. यंत्र इतकं काही हळू नाही हो."

"म्हणजे?" बूशईब चमकला.

"तुम्हीच सांगितलं ना पहिल्या दिवशी, की पाहुणे वाढले की चहाला उशीर होतो? मग तुम्ही यायच्या आधी मी रोज आत बसून पाहुणे वाढवायचे. हवामान उघड, दामा उघड, गाणी उघड, पाककृती उघड. आणि सगळं खाली दडवून, झाकण मिटून ठेवून द्यायचे." ती पुदिन्याची काडी किटलीत खोचत म्हणाली, "चहा करायला वेळ नको का मिळायला?"

खोलीत हास्याचा असा स्फोट झाला, की बहिऱ्या आत्यानेही काय झालं म्हणून विचारलं.

बूशईब मात्र जागीच खिळला होता. "किती खिडक्या?"

"काल चाळीस."

"चाळीस?" त्याचा आवाज फुटला. "चाळीस उघड्या असताना हा दामा खेळत होता?" त्याने दोन्ही हातांनी तो निळा डबा उचलला, उलटा केला, सुलटा केला. टिचकी मारली नाही की हुंगलं नाही. जन्मात पहिल्यांदा तो एखाद्या मशीनकडे आदराने बघत होता. मग त्याने मान वर केली आणि तशाच नजरेने लल्ला कन्झाकडे बघितलं, आणि त्याचा एक हात कपाटाकडे गेला, जिथे मी आज येताना आणलेल्या साखरेच्या ढेपी रांगेत उभ्या होत्या. मागणी घालायलाही आमच्यात साखरेची ढेपच लागते.

"लल्ला कन्झा," त्याने सुरुवात केली.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. ही बाई माझी विहीण, आणि आता हीच माझी भावजय? रुसवा धरायचा तर कुठल्या नात्याने धरायचा? पण ते नंतर.

"बूशईब, खाली बस," मी म्हटलं. "आधी माझ्या पोरीची फातिहा होऊ दे, मग तुझं बघू."